डोंगरावर घरे बांधण्याआधी खरे पर्याय तपासा: मंजुरी देणाऱ्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
डोंगरउतारावरील गृहप्रकल्पांची छाननी करणाऱ्या नियोजन आणि पर्यावरण मूल्यांकन समित्यांचे सदस्य

सन्माननीय सदस्यहो,

डोंगरउतारावर घरे बांधायचा प्रस्ताव आपल्यापुढे येतो तेव्हा सोबत एक जाडजूड अहवाल असतो. हवा, पाणी, आवाज, झाडे, पक्षी, वाहतूक, प्रत्येकाचे वेगळे प्रकरण. मला त्यातल्या एकाच प्रकरणाबद्दल लिहायचे आहे. बाकीचा सगळा अहवाल त्याच्यावर उभा असायला हवा आणि प्रत्यक्षात सगळ्यात कमी पाने त्यालाच मिळतात. ते म्हणजे पर्यायांचे प्रकरण.

पर्यायांना एवढे महत्त्व मी एकटाच देतो असे नाही. मोठ्या कामांच्या पर्यावरणीय परिणामांचा लेखी हिशेब मागणारा पहिला राष्ट्रीय कायदा अमेरिकेत १९६९ साली झाला आणि त्यातच प्रस्तावाला कोणकोणते पर्याय होते हे सांगण्याचे बंधन आले. त्या कायद्याखाली १९७८ मध्ये केलेल्या नियमांनी पर्यायांच्या तुलनेला अहवालाचे हृदय म्हटले. देशाची सीमा ओलांडणाऱ्या पर्यावरणीय परिणामांबाबतच्या १९९१ च्या एस्पो या आंतरराष्ट्रीय करारात जागेचे पर्याय, तंत्राचे पर्याय आणि त्याशिवाय काहीच न करण्याचा पर्याय, असे सगळे नोंदवायला सांगितले आहे. प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीबद्दलच्या भारताच्या २००६ च्या अधिसूचनेने दिलेल्या अहवालाच्या साच्यातही जागा आणि तंत्रज्ञान यांच्या पर्यायांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र ते कधी लिहायचे, तर सुरुवातीच्या व्याप्तिनिश्चितीत, म्हणजे अहवालात काय काय अभ्यासायचे हे ठरवण्याच्या टप्प्यात, तशी गरज दिसली तर. आणि 'ब' वर्गातल्या, म्हणजे राज्य पातळीवर मंजुरी मिळणाऱ्या, बांधकाम प्रकल्पांना मूळ अधिसूचनेने व्याप्तिनिश्चितीचा टप्पाच माफ केला होता. म्हणजे ज्या प्रश्नापासून सुरुवात व्हायची, तो विचारण्याची वेळच येत नाही. नियमाने सक्ती केली नसली तरी तो प्रश्न विचारण्यापासून आपल्याला कोणी अडवलेले नाही, म्हणून हे पत्र.

पर्याय सहसा कसे मांडले जातात ते आपण माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिले असेल. पहिला पर्याय मूळ प्रस्तावच असतो. दुसरा त्याच जागेवरचा, पण आणखी मोठा, जास्त मजल्यांचा, जास्त खोदाईचा. तिसरा प्रकल्प न करण्याचा, आणि तो 'घरांची मागणी पूर्ण होणार नाही' एवढ्या एका वाक्यात निकालात निघतो. मग तक्ता येतो आणि मूळ प्रस्ताव त्यात सर्वांत समतोल ठरतो. यातले एकही विधान खोटे नसेल. पण जो पर्याय निवडण्याचा विचार कोणी कधी केलाच नव्हता, त्याच्याशी तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. जागा आधी घेतली, आराखडा मग काढला आणि तुलना सगळ्यात शेवटी लिहिली. या क्रमाने गेल्यावर तुलनेतून दुसरे उत्तर निघणार तरी कसे?

सपाट जमिनीवर हा उलटा क्रम कदाचित खपून जातो. डोंगरउतारावर तो फार महाग पडतो आणि त्याचे कारण शाळेतल्या भूमितीत सापडते.

समजा, १० मीटर रुंदीची सपाट जागा हवी आहे आणि ती पूर्णपणे डोंगर कापून काढायची आहे. मागची कापलेली बाजू ४५ अंशांत ठेवली आहे. डोंगराचा उतार १:५ असेल, म्हणजे ५ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर चढ, तर कापलेली बाजू २.५ मीटर उंच होते आणि एकूण १२.५ मीटर रुंदीचा पट्टा खणला जातो. उतार १:२ असेल तर तेवढ्याच सपाट जागेसाठी कापलेली बाजू १० मीटर उंच होते, साधारण तीन मजल्यांएवढी, आणि पट्टा २० मीटरचा होतो. जागेच्या दर मीटर लांबीमागे पहिल्या उतारावर १२.५ घनमीटर माती-दगड निघतात, दुसऱ्यावर ५०. घर तेच, पण खोदाई चौपट. उतार १:१ वर गेला तर ४५ अंशांची कापणी डोंगराच्या पृष्ठभागाला कुठेच मिळत नाही, कारण दोन्ही रेषा समांतर होतात. मग भिंत घालूनच डोंगर अडवावा लागतो. अर्धी खोदाई आणि अर्धा भराव केला तर आकडे खाली येतात हे खरे, पण मग निम्मे घर उतारावर टाकलेल्या मातीवर उभे राहते. महाराष्ट्राच्या विकास नियंत्रण नियमांत १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. त्या मर्यादेमागचे शहाणपण या हिशेबातून उघड दिसते.

हाच हिशेब रस्त्याला लावून बघा. अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिका चढू शकेल असा १:१० चा चढ धरला तर ६० मीटर उंची गाठायला निदान ६०० मीटर रस्ता लागतो. तो नागमोडी जाणार. त्याच्या प्रत्येक मीटरला वरच्या अंगाला कापणी आणि खालच्या अंगाला भराव असणार, आणि वळणावळणावर तो त्याच उताराला पुन्हा पुन्हा छेदणार. डोंगर जितका घरांनी फुटतो त्याहून जास्त पुष्कळदा रस्त्याने फुटतो. तरीही रस्त्याची खोदाई घरांच्या खोदाईतून वेगळी काढून दाखवणारा तक्ता अहवालांत क्वचितच दिसतो. तो असता तर एक पर्याय आपोआप पुढे आला असता: घरे तेवढीच, पण सगळी पायथ्यालगतच्या सौम्य उतारावर, वरच्या भागात रस्ताच नाही. घरे किती यापेक्षा सगळ्यात वरचे घर किती उंचीवर आहे, याने डोंगराचे नुकसान जास्त ठरते. मला हा पर्याय प्रत्येक प्रस्तावात सक्तीचा असावा असे वाटते.

आता पाणी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण डोंगरावरच्या बहुतेक दुर्घटनांच्या मुळाशी शेवटी पाणीच सापडते.

१ हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाणी होते. झाडोऱ्याने झाकलेल्या, मुरमाड उतारावर त्यातले बरेचसे पानांवर, पाचोळ्यात, मातीत अडते आणि उरलेले सावकाश ओहोळाला लागते. छपरे, फरसबंदी आणि डांबर यांवरून जवळजवळ सगळे वाहते, आणि लगेच वाहते. त्यामुळे ओढ्याला एकूण पाणी किती येते याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, ते किती वेळात येते हे महत्त्वाचे ठरते. अहवालात मात्र वर्षभराच्या पावसाचा आणि टाक्यांत साठवलेल्या पाण्याचा हिशेब असतो. जोराच्या पावसाच्या एका तासात, जेव्हा टाकी आधीच भरलेली असते, तेव्हा पायथ्याच्या मोरीतून किती पाणी जाईल, हा आकडा हवा. तो सध्याच्या उतारासाठी हवा आणि प्रत्येक पर्यायासाठी वेगळा हवा.

यावर उपाय म्हणून शोषखड्डे सुचवले जातात. सपाट भागात ते चांगले आहेत. उतारावर, कापलेल्या बाजूच्या वर, तेच खड्डे धोक्याचे ठरू शकतात. मातीचे कण एकमेकांवर जितके दाबलेले असतात तितके घर्षण जास्त, आणि घर्षणामुळेच उतार उभा राहतो. कणांमधल्या पोकळीत पाणी भरून त्याचा दाब वाढला की वरचे काही वजन पाणीच पेलते, कण एकमेकांवर कमी दाबले जातात आणि घर्षण घटते. माती तीच, उतार तोच, पण पकड सुटते. गळकी जलवाहिनी, सेप्टिक टँक, पोहण्याचा तलाव आणि रोज पाणी घालावी लागणारी हिरवळ या सगळ्यांमुळे हे पावसाळ्याबाहेरही घडू शकते. पाणी जिरवणे ही हिरवी गोष्ट आहे असे सरसकट धरून गुण देणारा तक्ता म्हणूनच डोंगरासाठी चुकीचा आहे. पाणी कुठे जिरते, त्याखाली कोणता थर आहे आणि ते पुढे कुठून बाहेर पडते, हे विचारल्याशिवाय त्या रकान्यात काहीच लिहू नये.

कॅलिफोर्नियात पॅलोस व्हर्डीसच्या टेकड्यांवर पोर्तुगीज बेंड नावाची वसाहत आहे. ती एका जुन्या, शांत झालेल्या दरडीवर वसली होती. १९५६ मध्ये तिथे रस्ता पुढे नेण्याचे काम सुरू होते आणि त्यासाठी दरडीच्या वरच्या टोकाला भराव टाकला गेला. घरांचे सांडपाणी सेप्टिक टँकमधून जमिनीत जात होतेच. जमीन सरकू लागली आणि शंभराहून जास्त घरे गेली. ती सरकण्याची क्रिया पुढे दशकानुदशके चालू राहिली. अलीकडच्या जोरदार पावसांनंतर तिने पुन्हा वेग घेतला, तेव्हा २०२४ मध्ये तिथल्या अनेक घरांचा वीज आणि गॅसपुरवठा तोडावा लागला. एका रस्त्याच्या आखणीचा निर्णय जवळजवळ सत्तर वर्षे पुरला. जोशीमठही जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसले आहे, हे १९७६ मध्येच मिश्रा समितीने सांगितले होते आणि जड बांधकामांवर निर्बंध सुचवले होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या घरांना पडलेल्या भेगा साऱ्या देशाने पाहिल्या. दोन्ही ठिकाणी डोंगराचा स्वभाव माहीत करून घेता येत होता. म्हणून जागा चालेल की नाही हे ठरवणारी पहिली कसोटी भूशास्त्राची हवी. जुन्या दरडीचा उतार आढळला तर त्या जागेवरचे सगळे आराखडे बाजूला ठेवून फक्त जागेच्या पर्यायांचाच विचार व्हावा.

पाण्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सतत सुटते. प्रकल्पाची हद्द सातबाऱ्यावर संपते, पाणलोट तिथे संपत नाही. क्वालालंपूरजवळचे हायलँड टॉवर्स १२ मजल्यांचे होते. ११ डिसेंबर १९९३ रोजी त्यातली एक इमारत मागचा उतार घसरल्याने आडवी झाली आणि ४८ माणसे मेली. मागच्या उतारावर झाडोरा काढून काम चालू होते, पाणी वाहून नेण्याची व्यवस्था तोकडी होती आणि आधारभिंती टिकल्या नाहीत. इमारतीत राहणाऱ्यांनी आपल्या हद्दीत काय केले होते, याचा त्या दिवशी काही उपयोग झाला नाही. म्हणूनच मला वाटते की तुलनेचा नकाशा प्लॉटचा नसावा. माथ्यापासून ओढा मुख्य प्रवाहाला मिळतो तिथपर्यंतचा असावा. वर आणखी कोणाला परवानगी मिळू शकते आणि खाली आज कोण राहते, हे त्यावर दिसायला हवे. शेजारी शेजारी चार लहान प्रकल्प दाखवून प्रत्येक जण मंजुरीच्या मर्यादेखाली राहिला तरी ओढ्यात चारही उतारांचे पाणी एकत्रच येणार आहे.

खोदून काढलेला राडारोडा कुठे जाणार, हा त्याच प्रश्नाचा पुढचा भाग. वेल्समधल्या अबेरफॅनमध्ये २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीच्या कचऱ्याचा ढिगारा घसरून शाळेवर आला. १४४ जण मेले, त्यातली ११६ मुले होती. तो ढीग झऱ्यांवर टाकलेला होता. ती खाण होती, गृहप्रकल्प नव्हे, पण ओहोळावर किंवा पाझरावर टाकलेली सैल माती कशी वागते यात फरक पडत नाही. राडारोड्याची विल्हेवाट 'अधिकृत ठिकाणी' लागेल एवढ्या शब्दांवर आपण समाधान मानू नये. ठिकाण नकाशावर दाखवलेले असावे आणि तिथल्या झऱ्यांची पाहणी झालेली असावी. किती ट्रक, कोणत्या रस्त्याने, किती महिने हेही तुलनेत यावे. कमी खोदाईचा पर्याय इथे पुन्हा सरस ठरेल, आणि ठरू द्यावा.

'काहीच न करणे' या पर्यायाबद्दल मला सर्वांत तळमळीने बोलायचे आहे. अहवालात तो रिकाम्या रकान्यासारखा असतो, जणू बांधले नाही तर त्या जागी काहीही घडत नाही. प्रत्यक्षात डोंगर रोज काम करत असतो. पाणी धरतो, उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांना पुरवतो, माती बांधून ठेवतो, खालच्या वस्तीतली हवा थंड ठेवतो, प्राण्यांना एका रानातून दुसऱ्या रानात जायला वाट देतो. गवताळ उतार 'पडीक' म्हणून नोंदलेला असला तरी तिथे जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात आणि गवताच्या मुळांनी वरची माती गच्च धरलेली असते. या प्रत्येक कामाची मोजणी बांधकामाच्या फायद्यांइतक्याच तपशिलाने व्हायला हवी. पायथ्याच्या विहिरींची पातळी, झरे किती महिने वाहतात, ओढ्याला पूर किती वेळा येतो, हे आकडे जमवणे अवघड नाही. कोणी मागत नाही म्हणून ते जमवले जात नाहीत.

झाडांच्या बाबतीत तर काळाचाही हिशेब लागतो. झाड तोडले त्या वर्षी उतार घसरतोच असे नाही. मेलेली मुळे काही वर्षे माती धरून ठेवतात, मग कुजतात, आणि नवी लावलेली रोपे तोवर तेवढी मोठी झालेली नसतात. मधली ती वर्षे सर्वांत धोक्याची. तोवर बांधकाम करणारे हिशेब मिटवून गेलेले असतात आणि घरे घेतलेली कुटुंबे तिथे राहायला आलेली असतात. एका झाडामागे अमुक रोपे, या सूत्राने ही मधली वर्षे भरून निघत नाहीत. शिवाय ती रोपे दुसऱ्याच कुठल्या सपाट जमिनीवर लावली तर या उताराला त्यांचा काहीच आधार नाही.

घरे हवीतच, ही बाजू मला मान्य आहे आणि ती मी हलकी मानत नाही. डोंगरावर नको म्हटले की ती घरे नाहीशी होत नाहीत, ती दुसरीकडे जातात. दुसरीकडे म्हणजे सुपीक शेतजमिनीवर, पाणथळ जागेवर किंवा शहरापासून इतक्या लांब की रोजचा प्रवासच नवा प्रदूषक होईल, अशी शक्यता असते. आधीच बांधलेल्या भागात पुनर्विकास करावा म्हटले तर तिथल्या भाडेकरूंना बाहेर पडावे लागण्याची भीती खरी आहे. डोंगर वाचवण्याची किंमत अशा दुबळ्या लोकांकडून वसूल करणे मला मान्य नाही. म्हणूनच 'दुसरी जागा' हा पर्याय एका वाक्याचा असून चालणार नाही. निदान दोन खऱ्या, नाव-नकाशासह दाखवलेल्या जागा हव्यात. त्यांचे पाणी, माती, प्रवास आणि विस्थापन यांची मापे डोंगराच्या मापांशेजारीच ठेवलेली हवीत. तशी तुलना झाली आणि डोंगराच्या पायथ्याचा सौम्य भागच सर्वांत कमी हानीचा निघाला, तर मी त्याला विरोध करणार नाही.

जमीनमालकाचा प्रश्नही टाळू नये. ज्याची जमीन डोंगरावर आहे त्याने सर्वांसाठी ती मोकळी ठेवायची आणि तोटा एकट्याने सोसायचा, हे न्यायाचे नाही. विकास हक्कांचे हस्तांतरण हे साधन त्यासाठीच आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ते आले आणि त्याचे टीडीआर हे इंग्रजी लघुरूप आता सगळ्यांना माहीत आहे. डोंगरावरचे बांधकामाचे हक्क योग्य दराने सपाट, सोयींनी युक्त भागात वापरू देणे हा पर्याय प्रस्तावकाने मांडला नाही तर समितीने मांडावा. ते हक्क जिथे उतरतील तिथले रस्ते, नळ आणि गटारे तेवढा भार पेलतील का, हे तपासूनच. नाहीतर एका ठिकाणचा बोजा उचलून दुसरीकडे टाकल्यासारखे होईल.

घरे एकत्र दाटीने बांधून उरलेला उतार कायमचा मोकळा ठेवण्याचा पर्यायही खरा आहे. त्यात कळीचा शब्द 'कायमचा' हा आहे. मोकळा भाग पुढच्या टप्प्यासाठी राखीव ठेवला असेल तर तो मोकळा धरू नये. खांबांवर उभी केलेली घरे खोदाई कमी करतात, हेही मान्य. पण रस्ता, सांडपाणी आणि आगीचा धोका खांबांनी सुटत नाही. आग उताराच्या दिशेने वर धावते, आणि उतार १० अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो असा वणव्यांच्या अभ्यासकांचा ठोकताळा आहे. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर लागलेल्या आगीत २५ माणसे मेली. तिथले अरुंद, वळणांचे रस्ते लोकांना बाहेर पडायला आणि बंबांना आत यायला पुरले नाहीत. वर जायला एकच रस्ता असलेला आराखडा तुलनेत टिकू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आधारभिंतीचे आयुष्य कोणी आणि किती काळ सांभाळायचे, हा शेवटचा मुद्दा. भिंतीतली पाणी बाहेर सोडणारी छिद्रे गाळाने बुजतात, वरची गटारे पानांनी भरतात, आणि एका मुसळधार पावसात भिंतीमागे पाणी तुंबते. हाँगकाँगने याचा फार कडू अनुभव घेतला. १८ जून १९७२ रोजी साउ माउ पिंग आणि पो शान रोड या दोन ठिकाणी एकाच दिवशी दरडी कोसळून १३८ माणसे मेली. साउ माउ पिंगमध्ये १९७६ मध्ये पुन्हा भराव घसरला आणि आणखी १८ जण गेले. त्यानंतर १९७७ मध्ये तिथे उतारांवर देखरेख करणारे स्वतंत्र सरकारी कार्यालय उभे राहिले. आज तिथल्या सुमारे ६०,००० मानवनिर्मित उतारांची नोंद आहे. प्रत्येक उताराला क्रमांक आहे आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी कोणाची, हे कोणालाही पाहता येते. आपल्यापुढच्या प्रस्तावात अशी यादी मागा. किती भिंती, किती उंचीच्या, आणि ५० वर्षांच्या देखभालीचा खर्च कोणाच्या खात्यातून. तो खर्च घर घेणाऱ्यांच्या सोसायटीवर पडणार असेल तर घर विकतानाच तसे लिहून द्यावे लागेल. हा खर्च मांडला की उंचावरचे 'परवडणारे' घर खरेच परवडते का, ते दिसेल.

सदस्यहो, माझे मागणे असे आहे. प्रस्तावकाने पर्यायांचे प्रकरण सर्वांत आधी, आराखड्यावर पैसे खर्च होण्याआधी सादर करावे. त्यात पायथ्याला सीमित केलेला, घरांची संख्या घटवलेला, निदान दोन दुसऱ्या जागांचा, हक्क हस्तांतरणाचा आणि काहीच न बांधण्याचा पर्याय असावा. या सगळ्यांना एकाच मापाने मोजलेले असावे: खोदाईचे घनमीटर, खणलेल्या पट्ट्याचे क्षेत्र, जोराच्या पावसातला पायथ्याचा प्रवाह, बाहेर पडायचे रस्ते, भिंतींची देखभाल. उताराच्या पोटातल्या पाण्याचा दाब नळ्या बसवून निदान एक पूर्ण पावसाळा मोजलेला असावा. वर्ष वाया जाते अशी तक्रार येईल. पावसाळ्यात उतार कसा वागतो हे न पाहता त्यावर कुटुंबे वसवायची असतील, तर त्या घाईचे कारण प्रस्तावकाने लेखी द्यावे.

आणखी एक. खाली राहणाऱ्या लोकांना हा तक्ता त्यांच्या भाषेत, निर्णयाच्या आधी वाचायला मिळावा आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे. २००६ च्या अधिसूचनेने बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली होती. पण कायद्याने सुनावणी सक्तीची केली नाही म्हणून ती घ्यायला बंदी होत नाही. झरा कोणत्या महिन्यात आटतो, ओढा कुठे वळण बदलतो, कोणत्या पावसात कोणाच्या मागच्या भिंतीला ओल आली, हे त्यांना ठाऊक असते. ही माहिती सल्लागाराच्या दोन दिवसांच्या पाहणीत येत नाही.

पर्यायांचे प्रकरण या स्वरूपात नसेल तर बाकीच्या अहवालावर चर्चा सुरू करू नये. प्रस्ताव तसाच परत पाठवावा आणि का परत पाठवला याचे कारण बैठकीच्या इतिवृत्तात लिहावे, म्हणजे पुढच्या प्रस्तावकालाही ते वाचता येईल.

आपला विश्वासू,
एक नागरिक